आना-बेयितच्या फाटकापाशी

चिंगीझ आयत्मातोव हे नाव मराठी वाचकांस अगदीच अनोळखी नाही. मॉस्कोच्या प्रकाशनगृहांची स्वस्त आणि सुबक पुस्तके ज्या काळी आपल्याकडे गावोगावी येत, त्या काळी ‘जमीला’ची कीर्ती अनेकांच्या कानी गेली होती. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लहानशा कथेचे फ्रेंच कवी लुई आरागाँ यांनी मुक्त कंठाने कौतुक केले आणि किर्गीझ डोंगराळ मुलखातील हा तरुण लेखक एकदम जगाच्या नजरेत भरला. परंतु ज्या कृतीने त्यांचे नाव वाङ्मयाच्या कक्षेबाहेर, राजकारणाच्या व लोकव्यवहाराच्या भाषेत जाऊन पोचले, ती ‘शतकाहून दीर्घ दिवस’ ही कादंबरी होय. ‘नोवी मीर’ या मासिकात ती १९८० साली आली, पुस्तकरूपाने निघताना ‘बुरान्नी स्थानक’ असे सोज्ज्वळ नाव धारण करून बाहेर पडली, आणि १९८३ साली सोव्हिएट संघाचे राजपारितोषिकही तिला मिळाले. त्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. प्रस्तुत विवेचन त्या भाषांतराच्या आधारे केले आहे.

या कादंबरीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेकांची दृष्टी तिच्यातील ‘मानकुर्त’च्या दंतकथेवर खिळून राहिलेली दिसते. दंतकथा विलक्षण आहे यात संशय नाही, आणि तिच्याकडे आम्ही येणारच आहोत. तथापि कादंबरीचे मर्म दंतकथेत नसून अखेरीस येणाऱ्या एका साध्या प्रसंगात आहे, असे आमचे मत आहे. एक प्रेत, ते घेऊन आलेली पाचसात माणसे, समोर काटेरी तारेचे कुंपण आणि कुंपणाच्या फाटकाशी उभा असलेला एक लष्करी अधिकारी, एवढाच तो प्रसंग. अनेक राष्ट्रांचे मिळून बनलेले एक राज्य आपल्या घटक राष्ट्रांना समान लेखते म्हणजे काय, आणि लेखत नाही म्हणजे काय, हे जाडजूड ग्रंथांपेक्षा या फाटकापाशी अधिक स्वच्छ दिसते.

कथानक थोडक्यात असे. कझाकस्तानच्या ओसाड माळरानात, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या लोहमार्गावर मोजक्या घरांचे एक लहानसे स्थानक आहे. त्याचे नाव बोरानली-बुरान्नी. निम्मे कझाक, निम्मे रशियन असे हे जोडनाव, आणि त्या जोडनावातील समतोल मनात ठेवावा, कारण पुढे तो कोठेच आढळत नाही. तेथला वृद्ध कामगार कझानगाप मरतो. त्याचा जन्माचा सोबती येदिगेय हा महायुद्धात लढून आलेला आणि मूळचा अराल समुद्रावरचा कोळी. आपल्या मित्राला आना-बेयितच्या प्राचीन दफनभूमीतच माती द्यावयाची, असा त्याचा निश्चय आहे. आना-बेयित म्हणजे आईचे विश्रांतिस्थान. दंतकथेतील नायमान-आना तेथे पुरली गेली, म्हणून हे नाव. शहरातून आलेला मृताचा मुलगा साबितजान याला हा सारा खटाटोप वाटतो. जवळच कोठे तरी खड्डा खणावा, विधी उरकावा आणि नोकरीवर परतावे, इतकेच त्याला हवे असते. येदिगेय ऐकत नाही. आपल्या करानार नावाच्या दांडग्या उंटावर, झालर लावलेल्या झुलीवर बसून तो पुढे निघतो. मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्रेत, त्यामागे कबर खणण्यासाठी खोदयंत्र आणि बरोबर एक कुत्रा. कादंबरीचा सारा पसारा या एका दिवसाच्या प्रवासात येदिगेयच्या आठवणींतून उलगडत जातो.

मृताला कोठे ठेवावयाचे हा प्रश्न आपल्या वाचकांस क्षुल्लक वाटणार नाही. श्राद्धकर्मात पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा नावागोत्रासह उच्चार केल्याशिवाय पिंड देता येत नाही, हे आपण जाणतो. कझाकांच्या घरी हीच गोष्ट सात पिढ्यांची असते. मुलाला आपल्या सात पूर्वजांची नावे तोंडपाठ असली पाहिजेत, आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही. फिरस्त्या पशुपालकांचा समाज तो. घर पाठीवर आणि गाव चाकावर. अशा समाजात स्थिर वस्तू दोनच, एक पूर्वजांची नामावळी आणि दुसरी पूर्वजांची कबर. आपल्याकडे मूर्ती रातोरात नदीपार नेऊन पुन्हा स्थापन करता आली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि देव वाचला. परंतु पूर्वजांची माती पालखीत घालून नेता येत नाही. येदिगेयच्या हट्टामागे हे आहे. तो धर्मवेडा नाही. नमाजाचे शब्दही त्याला जेमतेम येतात. आपल्यामागून येणाऱ्या तरुणांना तेवढेही येणार नाहीत, मग आम्हांला माती देताना कोण काय म्हणणार, या चिंतेने तो वाटेत व्याकूळ होतो. ही चिंता लेखकाने फार संयमाने रंगवली आहे, आणि आमच्या मते कादंबरीतील सर्वांत उत्कृष्ट पाने तीच होत.

आता फाटक. आना-बेयितच्या वाटेवर काटेरी तार लागलेली आहे. पलीकडे अंतराळयानांचे उड्डाणस्थान आहे, आणि दफनभूमी त्याच्या हद्दीत गेली आहे. ही गोष्ट माळावर राहणाऱ्या माणसांस कोणी कळवलेली नाही. त्यांची संमती तर दूरच राहिली. पहाऱ्यावरचा शिपाई वरिष्ठाला बोलावतो. येणारा लेफ्टनंट तान्सिकबायेव हा कझाक आहे हे पाहून येदिगेयचा जीव भांड्यात पडतो. आपलाच माणूस आहे, आपले दुःख त्याला समजेल, या विश्वासाने म्हातारा कझाक भाषेत बोलू लागतो. लेफ्टनंट त्याला मध्येच अडवतो आणि रशियनमध्ये बोलावयास सांगतो. त्याला संबोधताना तो जो शब्द वापरतो, त्याचा अर्थ ‘परका’ किंवा ‘बाहेरचा’ असा होतो. म्हातारा ओशाळतो, क्षमा मागतो आणि आपल्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये पुन्हा सारे सांगू लागतो. उत्तर ठरलेलेच असते. आत जाता येणार नाही. शिवाय ही दफनभूमी लवकरच सपाट करावयाची असून तेथे नवी वसाहत व्हावयाची आहे.

हा प्रसंग वाचताना लेखकाने काय काय टाळले आहे तिकडे लक्ष द्यावे. लेफ्टनंट उद्धट नाही. तो शिवीगाळ करीत नाही, हात उगारीत नाही. तो कामावर आहे, आणि कामाची भाषा रशियन आहे. बस्स. त्याने नियम मोडलेला नाही, आणि नियमात अन्याय शोधू गेल्यास तो कोठल्याही कलमात सापडणार नाही. सोव्हिएट राज्यघटनेने सर्व भाषांस समान मानले होते. तरीही दोन कझाक माणसे कझाकस्तानच्या भूमीवर, एका कझाकाच्या प्रेतासमोर उभी आहेत, आणि त्यांच्यामध्ये कझाक भाषा बेकायदा नसूनही निरुपयोगी आहे. ज्याची भाषा बदलते तो येदिगेय. फाटकाला आपली भाषा कधीच बदलावी लागत नाही. विषमतेची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. आणि ‘परका’ कोणाला म्हटले गेले? ज्याचे पूर्वज कुंपणाच्या आत झोपले आहेत त्याला.

येथे कादंबरी बाजूला ठेवून त्या राज्याच्या रचनेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण प्रसंग वाटतो तितका अपवादात्मक नव्हता. सोव्हिएट संघ हा समान राष्ट्रांचा स्वेच्छेने झालेला संघ आहे, अशी घोषणा होती. १९७७ च्या घटनेच्या ७२ व्या कलमाने प्रत्येक संघ-प्रजासत्ताकास बाहेर पडण्याचा हक्कही दिलेला होता. परंतु त्याच घटनेत राष्ट्रांची एक उतरंड होती. राष्ट्रांच्या सभागृहात संघ-प्रजासत्ताकास ३२ प्रतिनिधी, स्वायत्त प्रजासत्ताकास ११, स्वायत्त प्रांतास ५ आणि स्वायत्त जिल्ह्यास १. कोण कोणत्या पायरीवर, हे लोकसंख्येने ठरत नसे. साठ लाखांवर असलेले तातार ११ च्या पायरीवर आणि सुमारे दहा लाख एस्टोनियन ३२ च्या. कझाकस्तान १९३६ मध्ये वरच्या पायरीवर चढला. म्हणजे कागदावर त्याला जे मिळावयाचे ते सर्व मिळाले होते, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण बोलके आहे.

वरची पायरी मिळण्यापूर्वी त्या राष्ट्राचे काय झाले होते? १९३० ते १९३३ या वर्षांत, फिरस्त्या लोकांना बळाने एका जागी बसवण्याच्या आणि त्यांची जनावरे सामुदायिक कळपांत ओढून घेण्याच्या धोरणातून दुष्काळ पडला. सुमारे १५ लाख माणसे मेली, त्यांतील बहुतेक कझाक होती. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून चीनमध्ये पळाली. १९२६ च्या शिरगणतीत आपल्या मुलखात अर्ध्याहून अधिक असलेले कझाक १९५९ साली सुमारे ३० टक्के उरले, तर रशियन सुमारे ४३ टक्के झाले. मध्यंतरी कोरियन, व्होल्गाकाठचे जर्मन आणि चेचेन या लोकांना शिक्षा म्हणून याच माळावर आणून टाकण्यात आले होते. त्या अभाग्यांस भाकरी देणारे हात बहुधा कझाकांचेच होते. १९५४ पासून पडीक जमिनी लागवडीस आणण्याच्या मोहिमेत लाखो वसाहतकरी आले. त्याच वर्षी प्रजासत्ताकाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुखपद एका कझाकाकडून काढून पोनोमारेन्को यांस देण्यात आले, आणि त्यांचे सहायक म्हणून आलेले ब्रेझनेव्ह १९५५ मध्ये त्यांच्या जागी बसले. मोठ्या पिकाची योजना मॉस्कोत ठरलेली, ती पार पाडणारी माणसेही मॉस्कोने निवडलेली.

भाषेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कझाक पूर्वी अरबी लिपीत लिहिली जाई, आणि अखमेत बैतुर्सिनोव या विद्वानाने तिला भाषेच्या उच्चारास साजेसे रूप दिले होते. १९२९ मध्ये रोमन लिपी आली आणि १९४० मध्ये रशियन. बैतुर्सिनोव यांना १९३७ च्या अखेरीस गोळी घालण्यात आली. अकरा वर्षांत दोनदा लिपी बदलली की आजोबाचे हस्तलिखित नातवाच्या दृष्टीने रेघोट्या होऊन बसते. देवनागरी, रोमी आणि कानडी अशा लिप्यांत विभागलेल्या कोकणी घरांस हे निराळे समजावून सांगावयास नको. १९३८ पासून रशियन विषय सर्व शाळांत सक्तीचा झाला. पुढे १९५८-५९ च्या शिक्षणसुधारणेने मुलाने कोणत्या भाषेच्या शाळेत जावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य पालकांस दिले. स्वातंत्र्य हा शब्द येथे फार चतुराईने आला आहे. विद्यापीठ, कचेरी, रेल्वे आणि सैन्य या सर्वांची भाषा एकच असेल, तर कोणता शहाणा बाप मुलाला दुसऱ्या भाषेच्या शाळेत घालील? सक्तीने जे साधले नसते ते या ऐच्छिकतेने साधले.

कझानगापनेही आपल्या मुलाला वसतिगृहाच्या शाळांत पाठवले, ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. माळावर शाळा नव्हती आणि मुलगा शिकावा अशी बापाची इच्छा होती. ज्या कझानगापच्या बापावर सामुदायिकीकरणाच्या धामधुमीत धनदांडगा शेतकरी असा खोटा शिक्का बसला होता, त्याच कझानगापने आपला मुलगा त्याच राज्याच्या स्वाधीन केला. साबितजान शिकला, अधिकाऱ्यांच्या पायरीपर्यंत चढला, आणि बापाच्या मर्तिकाला पाहुण्यासारखा आला. माणसांना एके दिवशी दूरच्या लहरींनी हवे तसे चालवता येईल, असे व्याख्यान तो प्रेताशेजारी बसून देतो, आणि ते देताना आपण स्वतः कोणत्या लहरींवर चालतो याचा त्याला पत्ताही नसतो. या पात्रात उपहास किंचित जास्त झाला आहे, असे आम्हांस वाटते. साबितजान इतका पोकळ नसता तर कादंबरी अधिक बोचली असती.

आणि मग अंतराळ. ज्या उड्डाणस्थानाने दफनभूमी गिळली त्याचे खरे रूप बायकोनूर होय. ते १९५५ साली त्यूरातामजवळ उभारण्यास प्रारंभ झाला, आणि जगाची दिशाभूल करण्यासाठी शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्याच एका गावाचे नाव त्याला देण्यात आले. गावाचे नाव उचलून भलतीकडे ठेवणे ही गोष्टही लेखकाला सुचली नसेल तर नवल. १९५७ मध्ये येथूनच पहिला कृत्रिम उपग्रह आणि १९६१ मध्ये गागारिन आकाशात गेले. साऱ्या मानवजातीला अभिमान वाटावा असेच ते कार्य, आणि येदिगेयलाही त्याचा अभिमान आहे. परंतु अभिमानाचे वाटेकरी सर्व आणि जमिनीचे देणेकरी काही थोडे, अशी ती व्यवस्था होती. त्याच प्रजासत्ताकात सेमिपालातिन्स्कजवळ १९४९ ते १९८९ या काळात ४५६ अणुचाचण्या झाल्या. जमीन ओसाड आहे, तेथे कोणी राहत नाही, हे उत्तर ज्यांनी दिले त्यांच्या दृष्टीने येदिगेय ‘कोणी’ नव्हता.

कादंबरीतील अंतराळकथेविषयी मात्र आम्हांस प्रशंसा करता येत नाही. अमेरिका आणि रशिया यांचे संयुक्त अवकाशस्थानक, दुसऱ्या ग्रहावरील सुसंस्कृत जीवांशी तेथील दोघा अंतराळवीरांचा संबंध, आणि भयभीत झालेल्या दोन्ही महासत्तांनी पृथ्वीभोवती अग्निबाणांचे कडे उभारून तो मार्ग बंद करणे, हा भाग अहवालासारखा कोरडा आहे. पात्रांना चेहरे नाहीत. कुंपणाभोवती कुंपण, कैद्याच्या डोक्याभोवती चामडे आणि पृथ्वीभोवती कडे ही उपमा वाचकाला पहिल्या खेपेसच कळते. लेखक ती पुनःपुन्हा सांगतो. एक गोष्ट तेवढी मार्मिक आहे. त्या स्थानकाचे नाव ‘पॅरिटी’, म्हणजे समानता, असे ठेवले आहे. दोन बलाढ्यांमधील समानतेची एवढी काळजी वाहणाऱ्या राज्याला स्वतःच्या घरातील समानता तपासावयास फुरसत नाही, हा टोमणा नकळत पडला की जाणून, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही तो जाणूनच पडला असे मानतो.

आता न्यायाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ही कादंबरी रशियन माणसाविरुद्ध लिहिलेली नाही. येदिगेयचा सर्वांत विश्वासू मित्र येलिझारोव हा रशियन भूगर्भशास्त्रज्ञ आहे. शिक्षक अबुतालिपला स्टालिनच्या अखेरच्या दिवसांत आपल्या मुलांसाठी आठवणी आणि लोककथा लिहून ठेवल्याच्या गुन्ह्यावरून पकडून नेतात आणि तो परत येत नाही. पुढे त्याचे नाव निर्दोष ठरावे म्हणून येदिगेय धडपडतो, तेव्हा त्याला साथ देणारा येलिझारोवच असतो. शिवाय शाळा, दवाखाने, स्त्रियांचे शिक्षण, मुद्रित वाङ्मय हे सारे त्या राज्याने दिले हे नाकारता येणार नाही. आयत्मातोव हे स्वतः त्या देण्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण होत. ‘जमीला’ त्यांनी किर्गीझमध्ये लिहिली. पुढे ‘गुलसारी’पासून ते मुख्यतः रशियनमध्येच लिहू लागले, आणि ही कादंबरीही मूळ रशियनच आहे. म्हणजे फाटकावर कझाक भाषा नाकारली गेल्याची कथा आपण वाचतो ती फाटकाच्याच भाषेत. यात दोष काढावा काय? आम्ही काढणार नाही. किर्गीझमध्ये लिहिली असती तर ती मॉस्कोत पोचली नसती, आणि ज्यांना ती ऐकवावयाची त्यांच्या कानी गेली नसती. येदिगेयने लेफ्टनंटसमोर जे केले तेच लेखकाने केले. आपले म्हणणे समजावे म्हणून त्याने दुसऱ्याची भाषा पत्करली. फरक इतकाच की लेखकाची रशियन मोडकीतोडकी नव्हती.

या साऱ्या संदर्भात दंतकथेकडे वळावे. झुआनझुआन टोळीचे लोक पकडलेल्या तरुणाचे मुंडन करून त्याच्या डोक्यावर उंटिणीच्या कासेचे ताजे चामडे बसवीत आणि त्याला उन्हात टाकून देत. चामडे आकसे, केस उलटे आत वाढत. बहुतेक मरत. जो जगे त्याची स्मृती नष्ट होई. आईबाप, नाव, कूळ काहीच न आठवणारा असा आज्ञाधारक गुलाम म्हणजे मानकुर्त. नायमान-आना आपल्या हरवलेल्या मुलाला शोधीत जाते, तो तिला ओळखीत नाही, आणि मालकांच्या सांगण्यावरून तिलाच बाण मारतो. तिच्या डोक्यावरचे पांढरे वस्त्र पाखरू होऊन उडते, आणि अजूनही वाटसरूंना त्यांचे कूळ विचारीत, बापाचे नाव सांगत फिरते.

ही कथा लोकांच्या इतकी जिव्हारी लागली की थोड्याच वर्षांत ‘मानकुर्त’ हा शब्द सोव्हिएट संघाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूढ झाला. १९९० साली तुर्कमेन दिग्दर्शक नार्लीयेव यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. परंतु रूढ झाला तो शिवी म्हणून. ज्याला आपली भाषा येत नाही तो मानकुर्त, ज्याने रशियन शाळेत शिक्षण घेतले तो मानकुर्त. कादंबरीतच याची सुरुवात आहे. फाटकावरून परतताना साबितजानचे वर्तन असह्य होऊन येदिगेय त्याला संतापाने हाच शब्द ऐकवतो. वाचकाचेही मन त्या क्षणी येदिगेयच्या बाजूने असते.

आमची तक्रार येथे आहे, आणि ती लेखकाविरुद्ध कमी व त्याच्या वाचकांविरुद्ध अधिक आहे. दंतकथेतील आई मुलाला एकदाही शिवी देत नाही. डोक्यावर चामडे कोणी चढवले हे तिला ठाऊक आहे. ती पुनःपुन्हा येते, त्याच्याजवळ बसते, त्याचे नाव आणि बापाचे नाव त्याला सांगत राहते. तिच्या दृष्टीने तो अपराधी नसून जखमी आहे. कादंबरी वाचून शिवी उचलणाऱ्यांनी आई मात्र उचलली नाही. भाषा विसरलेल्या माणसाला दोष देणे फार सोपे असते. तो समोर असतो, आपल्यातला असतो, आणि उलट काही करू शकत नाही. ज्या व्यवस्थेने १९३८ चा हुकूम काढला, शाळा बंद पडू दिल्या, लिप्या बदलल्या, ती दूर आणि बिनचेहऱ्याची असते. आयत्मातोव यांनी चामडे चढवणारे हात शेकडो वर्षांपूर्वीच्या टोळीचे दाखवले. १९८० साली याहून अधिक काही छापले जाणे शक्य नव्हते, हे मान्य. अबुतालिपच्या चौकशीचा दीर्घ भाग असलेले ‘चिंगीझखानाचा शुभ्र मेघ’ हे प्रकरण त्यांना दहा वर्षांनी, १९९० मध्येच प्रसिद्ध करता आले. तरी परिणाम व्हावयाचा तो झालाच. दुष्काळाचे नाव कादंबरीत नाही, मॉस्कोचे नाव अपराध्यांच्या यादीत नाही, आणि फाटकावर उभा आहे तो कझाक लेफ्टनंट. विषमता राबवणारा हात नेहमी आपल्यातलाच असतो, हे लेखकाचे निरीक्षण अत्यंत खरे आहे. पण त्या हाताला पगार कोठून येतो, हे विचारण्याचे काम त्याने वाचकावर सोडले, आणि पुष्कळशा वाचकांनी ते विचारले नाही.

काहींनी विचारले. १६ डिसेंबर १९८६ रोजी बावीस वर्षे प्रजासत्ताकाचे नेतृत्व करीत असलेले कुनायेव यांना दूर करून, कझाकस्तानशी कधीच संबंध न आलेले कोल्बिन यांना उल्यानोव्स्कहून आणून पक्षप्रमुख नेमण्यात आले. बैठक म्हणे काही मिनिटांत आटोपली. दुसऱ्या दिवशी अल्मा-अता येथील विद्यार्थी चौकात जमले आणि त्यांच्यावर लाठ्या व पाण्याचे फवारे सोडण्यात आले. कुनायेव काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. विद्यार्थ्यांचा प्रश्न इतकाच होता की आमच्या घराचा कारभारी नेमताना घरातल्या कोणाला विचारलेत काय. मॉस्कोने या प्रश्नाचे नाव ‘कझाक राष्ट्रवाद’ असे ठेवले. पाच वर्षांनी, बरोबर त्याच तारखेला, १६ डिसेंबर १९९१ रोजी कझाकस्तानने स्वातंत्र्य जाहीर केले. सोव्हिएट प्रजासत्ताकांत ते सर्वांत अखेरचे. सेमिपालातिन्स्कचे चाचणीक्षेत्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंद करण्यात आले होते. बायकोनूर मात्र कझाक भूमीवर असूनही १९९४ पासून वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाड्याने रशियाकडे आहे. तेथे निदान भाडेपट्टा आहे आणि त्यावर दोघांच्या सह्या आहेत. येदिगेयच्या वेळी तेवढेही नव्हते.

कझानगापला अखेर मालाकुमदिचाप या कड्याजवळ, कुंपणाबाहेर माती दिली जाते. येदिगेय पाठ असेल तेवढे मंत्र म्हणतो. इतर सर्व परत जातात. तो एकटाच पुन्हा फाटकाकडे वळतो, कोणा मोठ्या अधिकाऱ्याला भेटून दफनभूमी वाचवावी म्हणून. तेवढ्यात आकाश फाटते, अग्निबाण एकामागून एक सुटतात, आणि म्हातारा, उंट व कुत्रा माळावर धावत सुटतात. डोक्यावर ते पांढरे पाखरू.

लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यात या कादंबरीला जो उत्तरभाग जोडला गेला, तो सांगितल्याखेरीज लेखणी खाली ठेववत नाही. आयत्मातोव यांचे वडील तोरेकुल हे किर्गीझ प्रजासत्ताकाचे एक प्रमुख कार्यकर्ते. १९३७ साली त्यांना पकडले आणि १९३८ मध्ये गोळी घातली. मुलगा नऊ वर्षांचा होता. बापाची कबर कोठे आहे हे कुटुंबाला पन्नासाहून अधिक वर्षे माहीत नव्हते. १९९१ साली बिश्केकजवळच्या चोंग-ताश या गावी, विटांच्या एका जुन्या भट्टीत, शंभराहून अधिक माणसांचे अवशेष सापडले. तोरेकुल यांची ओळख त्यांच्या अंगावर सापडलेल्या, गोळीने भोक पडलेल्या आरोपपत्रावरून पटली. त्या जागेचे नाव आयत्मातोव यांनी ‘अता-बेयित’ असे ठेवले. अता म्हणजे पिता. २००८ साली ते स्वतः निवर्तले तेव्हा त्यांनाही तेथेच ठेवण्यात आले. ही जागा सापडली ती कोणत्याही सरकारी कागदावरून नव्हे. तेथे १९३८ साली नोकरीवर असलेल्या एका किर्गीझ पहारेकऱ्याने जन्मभर ओठ मिटून ठेवले होते, आणि मरण्यापूर्वी ती जागा आपल्या मुलीला सांगून ठेवली होती.